रघु राय, भोपाळचं बाळ आणि आमच्या बाजारातली आजी

रोलवाला

राम राम मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिलाच काढतोय. सांभाळून घ्या.

पारोळ्याकडे माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडे, पासपोर्ट, आणि माणूस गेल्यावर गंधमुक्तीच्या विधीच्या पत्रिकेसाठी ग्रुप फोटोतून एक माणूस कापून त्याच्या अंगावर कोट चढवून देणं, हा धंदा. शुक्रवारी शेजारच्या गावचा आठवडे बाजार असतो. त्या दिवशी दुकान पुतण्याच्या हवाली करून मी कॅमेरा घेऊन तिकडे जातो. त्यातून दमडी मिळत नाही. बायको याला ‘तुमची वारी’ म्हणते.

हे खूळ लागलं ते रघु राय यांच्या फोटोंमुळे. आधी त्यांच्याबद्दल सांगतो, मग माझं गाऱ्हाणं.

जन्म १९४२, झंग गावी, म्हणजे आताच्या पाकिस्तानात. शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं. थोरले भाऊ एस. पॉल तेव्हाच नावाजलेले फोटोग्राफर. भावाकडे दिल्लीला राहायला आले, कॅमेरा मागून घेतला आणि एका खेड्यात गाढवाच्या पिल्लाचा फोटो काढायला लागले. पिल्लू पळतंय, हे मागे, गावची पोरं खिदळतायत. शेवटी पिल्लूच दमून उभं राहिलं. भावाने तो फोटो लंडनच्या ‘टाइम्स’ला पाठवला आणि तो छापूनही आला. इंजिनिअरिंग तिथेच राहिलं.

१९६६ पासून दहा वर्षं ‘स्टेट्समन’, मग कलकत्त्याचं ‘संडे’ साप्ताहिक, पुढे १९८२ पासून दशकभर ‘इंडिया टुडे’. बांगलादेश युद्धाच्या वेळचे निर्वासितांचे फोटो, त्यावर १९७२ ची पद्मश्री. वय तिशीच्या आत. १९७१ साली पॅरिसला त्यांचं प्रदर्शन लागलं, ते आंरी कार्तिए-ब्रेसाँ या नामांकित फ्रेंच फोटोग्राफरने पाहिलं, आणि १९७७ मध्ये त्यानेच त्यांचं नाव ‘मॅग्नम’साठी सुचवलं. मॅग्नम ही फोटोग्राफरांनी स्वतःच १९४७ साली उभी केलेली सहकारी संस्था. आपल्याकडचा दूध संघ समजा, फक्त इथे फोटोवरचा हक्क काढणाऱ्याकडेच राहतो. (आमच्या लाइनीत लग्नाच्या फोटोवर हक्क नवरदेवाच्या मामाचा असतो.)

आता मुद्द्यावर येतो. त्यांचा १९९५ चा चर्चगेट स्टेशनचा फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. काळापांढरा. सगळी गर्दी धुरासारखी वाहत चाललेली, आणि त्यात पेपर वाचत थांबलेली माणसं तेवढी ठसठशीत. शटर उशिरा बंद केलं की हलणारं पुसलं जातं आणि थांबलेलं उरतं, एवढीच युक्ती. ती माझ्या पुतण्यालाही येते. पण त्या लोंढ्यात कोण थांबलंय हे आधी दिसावं लागतं, आणि ते दिसेपर्यंत आपल्याला थांबावं लागतं.

मी आमच्या बस स्टँडवर करून पाहिलं. मे महिना, दुपारचे साडेबारा. कॅमेरा एका कांद्याच्या गोणीवर टेकवला, शटर अर्ध्या सेकंदावर. पहिला फोटो पांढराफेक. दुसराही तसाच. तिसऱ्याच्या वेळी गोणीचा मालक आला आणि गोणी उचलून शिरपूर गाडीत चढला. एका कंडक्टरने विचारलं, ‘कोणत्या पेपरचे?’ कोणत्याच नाही म्हटलं तर त्याचा संशय वाढला.

हे झालं हसण्यावारी. खरं बोचलंय ते वेगळंच. बाजारात एक आजी चिंच विकायला बसते. गुडघे पोटाशी, तराजूच्या दोऱ्या दातात धरलेल्या, एका हाताने गाठ सोडवतेय, कपाळावर चिंचेच्या हाताने पुसलेला घाम. न विचारता काढला फोटो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो असेल. काळापांढरा केला, मोठी प्रिंट काढली, आणि पुढच्या शुक्रवारी तिला नेऊन दिली. तिने प्रिंट लांब धरली, जवळ धरली, आणि म्हणाली, ‘हाऊ असा काया काब्र शे रे भाऊ? मी काय मरी गऊ का?’ (हा असा काळा का रे भाऊ? मी काय मेले का?)

मग म्हणाली, पदर तरी नीट करू द्यायचा होतास.

तेव्हापासून डोकं चालत नाहीये. रघु राय यांच्यासारखं काढायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे कोणी सांगेल का?

भुसावळ_जंक्शन

धागा आवडला. फोटो डकवा ना इथे.

आधी तांत्रिक बोलतो, कारण तेवढंच मला कळतं. मे महिन्यात साडेबाराला उघड्यावर अर्धा सेकंद म्हणजे कॅमेऱ्याला ऊन लागणारच. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) १०० आणि अॅपर्चर (लेन्सचं भोक, आकडा मोठा तितकं ते बारीक) १६ धरलं तर कडक उन्हात शटर लागतं साधारण १/१२५ सेकंद. अगदी २२ पर्यंत बंद केलं तरी १/६० च्या आसपास. अर्ध्या सेकंदाला तुमच्याकडे निदान ३० पट उजेड आत आला. फोटो पांढरा नाही होणार तर काय.

दोन उपाय. एक, एनडी फिल्टर. लेन्सवर लावायची काळी काच असते, ६४ नंबरची घेतली तर १/६० चं थेट एक सेकंद होतं. दुसरा फुकटचा: सावली शोधा. फलाटाच्या पत्र्याखाली उजेड आपोआप चार-पाच पायऱ्या उतरतो, एकेका पायरीला निम्मा. चर्चगेटला छप्पर आहे हे विसरू नका. आमच्या भागात उन्हाळ्यात ४५ अंशाला माणूसही सावलीतच थांबतो, तेव्हा कॅमेरा तिथेच लावलेला बरा.

एक निरीक्षण. आता पेपर कोण वाचतो? पण मोबाईल बघणारा माणूस पेपरवाल्यापेक्षा दगड असतो. तुमच्या स्टँडवर अर्धा सेकंद काय, दोन सेकंद ठेवलं तरी सगळेच ठळक येतील. पुसट येईल ते एकटं कुत्रं.

झोका

आजी १, रोलवाला ० 😄

माझ्या सासूबाई अशाच. कानबाईच्या सणाला पुरणाने माखलेल्या हातांनी रोट करतानाचा त्यांचा सुंदर फोटो नणंदेच्या मुलाने काढला. त्यांनी तो फाडला. म्हणाल्या, चांगली साडी नेसून बसले होते सकाळी, तेव्हा कुठे मेला होतास. आपल्याकडे काळापांढरा फोटो म्हणजे भिंतीवरचा, हार घातलेला. आजीचं काय चुकलं?

कोरडवाहू

कोणालाही राग येवो, मी बोलणार.

हे सगळे मोठे फोटोग्राफर आपली गरिबी काळीपांढरी करतात आणि पॅरिसला नेऊन लावतात. तिथले लोक वाइन पीत बघतात. आपल्या चिंचवाल्या आजीला काय मिळालं? रोलवाला, तुम्ही निदान प्रिंट तरी नेऊन दिली. बाकीचे तेवढंही करत नाहीत. कपाशीला भाव नाही म्हणून आमच्या गावात मागे एकाने फास घेतला, तर तिसऱ्या दिवशी कॅमेरेवाले. बाईला म्हणे, दारात बसा, इकडे बघा. त्यानंतर आजपर्यंत त्यातलं कुणी त्या दारात आलेलं नाही.

रोलवाला

भुसावळ भौ, धन्यवाद. ३० पटींचं गणित दुकानात भिंतीवर लिहून ठेवलं. पुतण्या म्हणतो हे त्याला माहीत होतं. मग बोलला का नाही, विचारलं तर म्हणे तुम्ही विचारलं नाही.

फोटो इथे टाकत नाही. आजीला विचारलेलं नाही. एकदा चुकलो ते पुरे.

कोरडवाहू दादा, तुमचं म्हणणं डोक्यात घेऊन दोन दिवस फिरलो. रागाने म्हणत नाही, पण रघु राय यांच्या बाबतीत ते अर्धंच लागू पडतं. भोपाळचं बघा.

१९८४, २ आणि ३ डिसेंबरची रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. राय तेव्हा ‘इंडिया टुडे’त, लगेच पोहोचले. एका लहान मुलाला पुरत होते. माती टाकून झालेली, आणि शेवटचं बघायचं म्हणून एका हाताने चेहऱ्यावरची माती बाजूला केली. डोळे उघडे. तो फोटो.

त्याच बाळाचा फोटो तिथे आणखी एकाने काढला, पाब्लो बार्थोलोम्यू यांनी, रंगीत. त्या रंगीत फोटोला १९८४ सालचा वर्ल्ड प्रेस फोटो हा मान मिळाला. राय यांचा काळापांढरा. एकच खड्डा, तेच बाळ, तोच हात. दोन्ही फोटो मी कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी उघडून बसलो. रंगीतमध्ये माती खरी वाटते. ओली, तांबूस, आत्ता पडलेली. काळ्यापांढऱ्यात मातीचा आणि कातडीचा रंग एकच होतो, आणि बाळ मातीतूनच वर आल्यासारखं दिसतं. कोणता चांगला, मला ठरवता येत नाही. पण रंग काढून टाकल्याने काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी काळापांढरा करायचो कारण तसं केलं की फोटो ‘भारी’ वाटतो.

आणि तुमचा मुद्दा, परत न येण्याचा. राय परत गेले. घटनेला पंधरा-सतरा वर्षं उलटल्यावर ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेच्या कामासाठी पुन्हा भोपाळला गेले. जगले-वाचलेले लोक, त्यांची फुफ्फुसं, कारखान्याचा गंजलेला सांगाडा, यावर काम केलं. २००४ मध्ये, वीस वर्षं झाली तेव्हा, पुस्तक आलं आणि फोटो गावोगाव, देशोदेशी फिरले. तोपर्यंत त्या बाळाचा फोटो मोर्च्यांत फलकावर चढलेला होता. पॅरिसच्या भिंतीवर तो असेलही, पण भोपाळच्या रस्त्यावर आधी होता.

झोका

रोलवाला, लिहिलंत चांगलं, पण मला तो फोटो नाही बघवत. मी शोधला आणि लगेच बंद केला. माझं दोन वर्षांचं आहे. त्या बाळाच्या आईला कोणी विचारलं होतं का? तुमच्या आजीला पदर नीट करायचा होता, तर त्या बाळाचं काय?

भुसावळ_जंक्शन

झोकाताई, त्या बाळाची ओळखच कधी पटली नाही. ‘अनोळखी मूल’ याच नावाने तो फोटो ओळखला जातो.

माझे वडील रेल्वेत होते. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो, मी सहावीत. भोपाळ आपल्याच लाइनीवर, इटारसीच्या पुढे. वडिलांचे ओळखीचे गार्ड, ड्रायव्हर तिकडे ये-जा करणारे. वडील त्या आठवड्यात घरी आले की डबा धुवायला टाकायचे आणि बोलायचेच नाहीत. नंतर कधीतरी मासिकात तो फोटो आला. आईने ते पान दुमडून गादीखाली ठेवलं, आम्हाला दिसू नये म्हणून. मी काढून बघितलं. फोटो काढायला नको होता का, हे मला सांगता येत नाही. पण वडील का बोलत नव्हते ते मला त्या पानावरून कळलं.

झोका

😔 बरं.

धडगावची_बाई

मी अक्राणी भागात शिक्षिका आहे, म्हणून होळीबद्दल लिहिते. धाग्याशी संबंध आहे, धीर धरा.

दरवर्षी इकडच्या काठी गावच्या राजवाडी होळीला नाशिक, पुणे, सुरतहून कॅमेरेवाल्यांच्या गाड्या येतात. एकेकाच्या गळ्यात दोन दोन कॅमेरे. अंगावर राखेने आणि तांदळाच्या पिठाने नक्षी काढलेले, कमरेला भोपळे नि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप, असे बुध्या नाचत येतात. फोटोला एकदम फक्कड. पण तो पोशाख नाही हो, ते व्रत आहे. त्या आधी काही दिवस ते जमिनीवर झोपतात, पथ्य पाळतात. रात्रभर ढोल, आणि होळी पेटते पहाटे. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा मामा बुध्या होता. एक फोटोग्राफर त्याला म्हणाला, ‘जरा परत उडी मारा ना, सूर्य आता बरोबर मागे आलाय.’ मामाने मारली बिचाऱ्याने, कारण पाहुणा म्हणाला. पाहुण्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

रात्रभर थांबणारे थोडे. बहुतेक पहाटेचा जाळ आणि सूर्योदय टिपून आठच्या आत गाडीत. आणि जे टिपतात ते सगळ्यांचं सारखंच. तोच टोप, तोच धूर. मी हे फोटो वर्गात मुलांना दाखवले. एका मुलीने विचारलं, ‘बाई, यात ढोलवाला कुठेय?’ कुठल्याच फोटोत नव्हता. रात्रभर जो वाजवतो तोच नाही.

रघु राय यांचे मला आवडतात ते यासाठी. त्यांच्या एका फोटोत चार-पाच गोष्टी एकदम चाललेल्या असतात. पुढे कुत्रं, मागे लग्नाची वरात, बाजूला कोणी न्हाव्याकडे बसलेला, आणि कोणाचंच कोणाकडे लक्ष नाही. ढोलवाला राहून जात नाही त्यात. बहुतेक म्हणूनच ते लांबट, आडवे पॅनोरमा काढायला लागले असावेत. आपल्याकडची कुठलीही जागा चौकटीत मावत नाही.

कोरडवाहू

बाई, ढोलवाल्याचं लाखात एक बोललात.

रोलवाला, तो माणूस परत गेला असेल तर मी माझे शब्द अर्धे मागे घेतो. अर्धेच.

चाळीसगावकर

खान्देशात बसून फोटोग्राफरांवर धागा आणि अजून केकी मूस यांचं नाव नाही? लाज वाटली पाहिजे मंडळींना 🙂

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जन्म १९१२, पारशी घराणं. इंग्लंडला शेफील्डला जाऊन कला शिकले, परत आले आणि चाळीसगावला स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात जे बसले ते १९८९ ला जाईपर्यंत. जवळपास पन्नास वर्षं घराबाहेर क्वचित पाऊल. पंजाब मेलने कोणीतरी यायचं होतं आणि ते त्या गाडीची वाट बघत राहिले, ही गोष्ट आमच्या गावात रिक्षावालाही सांगतो. मी लहानपणी खरी समजायचो. आता वाटतं, खरी असो नसो, गावाने ती त्यांना दिलेली आहे.

त्यांचं टेबलटॉप काम पाहा. टेबलावर चार वस्तू मांडायच्या आणि त्यातून डोंगर, बर्फ, आख्खा देखावा उभा करायचा. म्हणजे तुमच्या रघु राय यांच्या बरोब्बर उलट. ते जगात जाऊन उभे राहतात, आमच्या बाबूजींनी जग टेबलावर आणलं. त्यात कोणाचा पदर ढळत नाही, कोणाला परत उडी मारावी लागत नाही. हे जास्त प्रामाणिक नाही का? निदान खोटं आहे हे सांगून केलेलं खोटं.

रोलवाला

चाळीसगावकर, लाज वाटली. शाळेच्या सहलीत त्यांच्या घरी गेलो होतो. तेव्हा मला फक्त जिन्यावरून घसरता येईल का एवढंच दिसलं होतं.

पण जास्त प्रामाणिक वगैरे मला नाही पटत. टेबलावरच्या बटाट्याला विचारावं लागत नाही हे खरं, पण बटाटा ‘मी काय मरी गऊ का’ असं विचारतही नाही. मला त्या एका वाक्याने जेवढं शिकवलं तेवढं पंधरा वर्षांच्या लग्नांनी शिकवलं नाही. हां, एक मात्र दोघांत सारखं आहे, वाट बघणं. एक खिडकीत, एक फलाटावर.

निंबाची_काडी

मराठी माणसाचं नाव हवं असेल तर शेजारच्या अकोल्याचे सुधारक ओलवे आहेत. मुंबईत प्रेस फोटोग्राफर. महापालिकेच्या सफाई कामगारांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. गटारात उतरलेली माणसं, आणि मग तीच माणसं घरी, बायकापोरांत. २०१६ ला पद्मश्री. कोरडवाहू दादांनी ते काम पाहावं, उरलेले अर्धे शब्दही मागे घ्याल.

आणि रोलवाला, जुन्या निगेटिव्ह फेकू नका हो. राय यांच्या बांगलादेशच्या निगेटिव्ह कित्येक वर्षं हरवल्या होत्या. चाळीस वर्षांनी सापडल्या, मग २०१३ मध्ये त्याचं पुस्तक झालं. तुमच्याकडेही पारोळ्याची दोन-तीन पिढ्यांची लग्नं पडून असतील.

रोलवाला

निंबाची काडी, आहेत. वडिलांच्या काळापासूनच्या, गोदरेजच्या कपाटात, डांबरगोळ्या घालून. वरच्या खणाला वाळवी लागली होती, खालचे तीन ठीक आहेत. राय यांनी स्वतः २००३ च्या सुमारास रोल सोडून डिजिटल धरलं, मी मात्र नाव अजून रोलवालाच लावतो.

या शुक्रवारचं सांगतो आणि थांबतो. आजीकडे गेलो. चिंच घेतली पाव किलो. म्हटलं, आज विचारून काढतो, रंगीत. ती म्हणाली थांब. चिंचेचं फडकं झटकलं, हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला, शेजारच्या बाईकडून टिकली मागून लावली. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सरळ कॅमेऱ्यात बघत बसली, आधार कार्डाला बसतात तशी. काढला. फोटो म्हणून काही खास नाही. मागे निळी ताडपत्री आणि कोणाचा तरी अर्धा पाय.

दाखवला तर म्हणाली, ‘हां. हाऊ मना शे.’ (हा माझा आहे.)

आता दोन प्रिंट आहेत माझ्याकडे. रंगीत तिला देतो. दुसरी दुकानात लावायची का नाही ते पुढच्या शुक्रवारी तिलाच विचारतो.

झोका

विचारून कळवा. आणि चिंच नवी की जुनी ते पण कळवा, आमच्याकडे २०० रुपये किलो सांगतायत.